खुर्चीला हात लावणारे सर

साबळे सरांच्या पंचाहत्तरीचा गौरवअंक निघतोय. त्यांच्या चित्रपट मंडळातल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांचा मला निरोप आला, "तुम्ही सरांच्या घरी भाड्यानं राहिलेल्या आहात. 'रसिक साबळे सर' या विषयावर दोन पानं द्या." मी दोन पानं लिहायला बसले आणि ही एवढी झाली. ती अंकात जाणार नाहीत हे मला लिहितानाच कळत होतं. अंकात, सिनेमा कसा बघावा हे ज्यांनी शहराला शिकवलं, असं काहीतरी येईल. ते खोटं नाही. मलाही त्यांनीच शिकवलं. म्हणून तर सर अजून डोक्यातून जात नाहीत. नुसताच वाईट माणूस असता तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते.

मी कन्नडजवळच्या खेड्यातली. वडील जीप चालवायचे, घाटात खालीवर. आमच्या अख्ख्या घरात पहिली पदवी माझी. हे मी कुणी न विचारता सांगते. कुणाला त्यात मिरवणं दिसलं तर दिसू द्या, आहेच ते. एम.ए. झाले, चितेगावच्या एका कंपनीत स्टोअरला लागले आणि संभाजीनगरात, सिडकोत, सरांच्या गच्चीवरची खोली घेतली. सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. मला त्यांनी वर्गात कधी शिकवलं नाही, पण सगळी कॉलनीच सर म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. खाली ते आणि कुसुमकाकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

खोली बघायला गेले तेव्हा भाड्याचं बोलणं काढायच्या आधी सरांनी विचारलं, "सिनेमे बघतेस?"

"बघते की."

"कुठले?"

मी दोन-तीन नावं सांगितली. दाढ ठणकावी तसे त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "रविवारी दुपारी खाली ये. बसायला चटई आहे."

सर उंच, सडसडीत. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. ती इस्त्री काकूंच्या हातची. इतर प्राध्यापकांच्या खिशाला पेन असतो, सरांच्या खिशाला प्रोजेक्टरचा रिमोट असायचा. भाजी आणायला गेले तरी असायचा. आणि हात. लांब बोटं, नखं गोल कापलेली. बोलताना ते हात असे हळू हलायचे की माणूस शब्द सोडून हातांकडंच बघायचा. सरांना हे माहीत होतं.

रविवारी हॉलच्या खिडक्यांना जाड चादरी लागायच्या. मंडळातली माणसं यायची, बँक मॅनेजर, डोळ्यांचे एक डॉक्टर, एक वकील, आणखी असेच पाच-सहा जण. सगळे पुरुष, सगळे पेन्शनीच्या आसपासचे. मी एकटी बाई, तीही भाडेकरू. काकू होत्या, पण त्या स्वयंपाकघराच्या दारात. चहाचं आधण ठेवायचं आणि दाराच्या चौकटीला टेकून जेवढा दिसेल तेवढा पडदा बघायचा.

सिनेमे खूप दाखवले सरांनी, पण त्यांचा जीव एकातच. परदेशी, जुना, काळा-पांढरा. वर्षातून एकदा तरी तो लागायचाच. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. सरांच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलंय की माझ्या हातानं लिहवत नाही. गोष्ट एवढीच. बर्फाळ गावातलं एक घर. घड्याळांचा दुकानदार आणि त्याची बायको. शेकोटीपाशी दोन खुर्च्या, एक त्याची, दुसरी पाहुण्याची. नवरा रोज संध्याकाळी घरी येतो, टोपी काढतो, एका हाताचा मोजा काढतो आणि पाहुण्याच्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवतो. गरम आहे का बघायला. एके दिवशी ती गरम लागते. बायको म्हणते, कुणी आलं नव्हतं. तिथून पुढं दोघंही एकमेकांना भ्यायला लागतात. त्याला वाटतं हिचा कुणीतरी आहे. तिला वाटतं हा आपल्याला मारणार. दोन माणसं एका टेबलावर जेवतात आणि आपल्याला घास गिळवत नाही, असा तो सिनेमा.

चांगला आहे. फार चांगला आहे. हे मी आजही म्हणते, आणि तो चांगला का आहे हे मला सरांनीच दाखवलं. ते चित्र थांबवायचे आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. त्यांची सावली त्या नवऱ्याच्या सावलीत मिसळायची.

"दिसतं ते बघू नका. लपवलंय ते बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "हात दाखवला. चेहरा दाखवला का? नाही. खुर्ची गरम की गार, हे तुम्हाला कशावरून कळलं? बायकोच्या मानेवरून. बघा, मान किंचित आखडली." मग दोन पावलं मागं येऊन म्हणायचे, "आणि हा सिनेमा रंगीत का असू शकत नाही? रंग असता तर विस्तवाची ऊब तुम्हाला दिसली असती. काळ्या-पांढऱ्यात ऊब दिसत नाही. तिला हातच लावावा लागतो."

मी चटईवर बसून ऐकत होते आणि अंगावर काटा येत होता. एम.ए.च्या दोन वर्षांत मला असं कुणी काही दाखवलं नव्हतं.

शेवटाला बायको हातात दिवा घेऊन जिन्यावर उभी राहते. नवरा खाली. तिची सावली भिंतभर होऊन त्याच्या अंगावर पडते. ती दाराकडं बघते. इथं सर खिशातला रिमोट काढून बटण दाबायचे. भिंत कोरी. ट्यूबलाइट.

"सिनेमा इथं संपतो," सर म्हणायचे. "दोषी कोण, हे दिग्दर्शक सांगत नाही. संशय हेच प्रेमाचं सर्वांत निष्ठावान रूप आहे, एवढंच तो सांगतो."

"वा," बँक मॅनेजर म्हणायचे. "उत्तर न देणं हेच उत्तर." डॉक्टर चष्मा पुसायचे. मग काकू चहा घेऊन यायच्या. सगळे वहिनी, वहिनी करून कप उचलायचे.

घराच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या होत्या, रस्त्याकडं तोंड करून. व्हरांडा पश्चिमेचा. एकीवर सर बसायचे. दुसरी रिकामी असायची.

मी राहायला आले त्याच एप्रिलातली, तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला त्याच आठवड्यातली गोष्ट. कंपनीच्या बसमधून उतरून मी फाटकात शिरले, माझ्यापुढं सर. फिरून आलेले. काकू दारात उभ्या. सरांनी चपला काढल्या, दुसऱ्या खुर्चीपाशी वाकले आणि उलट्या हातानं तिची बैठक चाचपली. जसा आपण पोराचा ताप बघतो तसा.

"कोण आलं होतं?"

"कोण येणारंय?" काकू म्हणाल्या.

"खुर्ची गरम आहे."

"ऊन पडतंय तिच्यावर."

"माझ्या खुर्चीवरही पडतंय. ही जास्त गरम आहे."

मला वाटलं, गंमत चाललीय. सिनेमावेडी माणसं, घरातही तेच खेळत असतील. मी हसलेसुद्धा. काकू हसल्या नाहीत, आत निघून गेल्या. सरांनी हात तसाच ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रविवारी भिंतीपाशी उभं राहून चित्र समजावताना जो चेहरा असायचा, तोच होता. मन लावून, चवीनं. तो चेहरा मला नंतर पुष्कळदा दिसला. नवरे बायकांवर ओरडताना, हात टाकताना मी गावाकडं पाहिलेत, त्याचा संताप येतो. हे बघून संताप आला नाही, किळस आली. हा माणूस त्या बाईच्या भीतीचं रसग्रहण करत होता.

दुसऱ्या दिवशी काकू गच्चीवर वाळवण घालायला आल्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्या सिनेमातल्या गावात बर्फ पडतो म्हणं."

"व्हय."

"मग तिथं खुर्ची गरम झाली तर कुणीतरी बसलं असंल. इथं एप्रिलात तुळशीचं वृंदावन गरम असतंय. त्याच्यावर कोण बसून गेलं म्हणायचं?"

हे म्हणून त्या कुरडया उलटायला लागल्या. साठी उलटलेली बाई. पाय सुजायचे, तरी दिवसभर उभी. आमच्या इकडच्या उन्हात दुपारी दाराची कडी हातात धरवत नाही. आणि हा शिकलासवरला माणूस शेकोटीच्या गावची परीक्षा इथं घेत बसलेला. असली चूक सिनेमा न कळणाऱ्या माणसाकडून झालीच नसती.

काकूंची धाकटी बहीण वैजापूरला, मंगलमावशी. तिचं शिवणकामाचं दुकान, शाळेच्या गणवेशांचं. उन्हाळा म्हणजे तिचा हंगाम. काकूंना हातानं काज फार सुरेख करता यायचं. मंगलमावशी फोनवर सारखी म्हणायची, "अक्का, ये ना. निदान गणवेशांपुरती ये. दोघी मिळून करू." हे मला ठाऊक कारण काकूंचा प्रत्येक फोन स्पीकरवर चालायचा. तसा नियम होता. घरात लपवण्यासारखं काही नसलं की स्पीकर लावायला हरकत काय, असं सर म्हणायचे.

काकूंना जायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. घरात सोनंनाणं मागितलं नाही, नवी साडी मागितली नाही. बहिणीच्या दुकानात मशीनपाशी बसायचं होतं.

आणि सर नाही म्हणायचेच नाहीत. तिथंच तर मेख होती. "जा की. मी कधी नाही म्हटलंय?" मग जेवताना, "पण आत्ताच का सुचलं?" मग झोपायच्या आधी, "मंगलच्या दुकानासमोर कुणाचं दुकान आहे?" सकाळी, "तू चार दिवस झाले खुशीत दिसतेस. सहज विचारतोय." शेवटी काकूच म्हणायच्या, राहू द्या. मग सर रविवारी मंडळात सांगायचे, "आमच्या हिला मी कशालाच अडवलं नाही."

पुढं दोन-तीन वर्षांनी, दिवाळीनंतर, मंगलमावशीच्या नातवाच्या बारशाला काकू गेल्या. दोन रात्री राहणार होत्या. पहिल्याच संध्याकाळी मी भाडं द्यायला खाली गेले, तर सर व्हिडिओ कॉलवर.

"खोली फिरवून दाखव," ते अगदी शांतपणे म्हणत होते. "तिकडं नाही, डावीकडं. दाराच्या मागं काय आहे?"

पडद्यावर खोली फिरत होती. एक पाळणा, भिंतीवरची कॅलेंडरं, बसलेल्या बायका. त्यांच्या माना एकेक करून खाली जाताना दिसल्या. मग फोन हिसकावल्यासारखा हलला आणि मंगलमावशीचं तोंड आलं, पडदाभर.

"दाजी, पलंगाखाली पण बघायचंय का? थांबा, बॅटरी लावते."

मागं कुणीतरी खुसखुसलं. सरांनी फोन ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "ग्रामीण विनोद." काकू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आल्या.

त्याच थंडीत मला तो सिनेमा मोबाईलवर सापडला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तुकड्या-तुकड्यानं बघितला. जिन्यावरचं दृश्य आलं. दिवा, सावली, बायको दाराकडं बघते. मी मोबाईल बंद करायला अंगठा नेला आणि सिनेमा पुढं चालूच राहिला.

पुढं बायको जिना उतरते. नवऱ्याच्या समोरून जाते आणि त्या पाहुण्याच्या खुर्चीवर बसते. काही बोलत नाही. आपण पहिल्यांदा तिच्या जागेवरून बघतो, आणि कळतं की त्या खुर्चीतून खिडकीतला रस्ता दिसतो. अख्ख्या घरात तेवढ्याच एका जागेवरून दिसतो. रोज दुपारी तीच तिथं बसत होती. कुणी पुरुष नव्हता, कधीच नव्हता. मग ती उठते, कोट घालते, दार उघडते आणि बर्फातून चालत निघून जाते. दार उघडंच. नवरा बराच वेळ उभा राहतो. मग खुर्चीवर हात ठेवतो. ह्या वेळी त्याचा चेहरा दाखवलाय. घरात बर्फ येत राहतो.

बस चितेगावला कधी थांबली मला कळलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उतरायचं नाही का?"

इतकी वर्षं ह्या माणसानं शहराला तो सिनेमा शेपूट तोडून दाखवला होता. आणि शहर 'उत्तर न देणं हेच उत्तर' म्हणत चहा पीत होतं.

मी सरळ जाऊन विचारलं. मला आडपडदा जमत नाही. "सर, त्या सिनेमाला पुढं शेवट आहे."

सर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तो निर्मात्यानं नंतर चिकटवला. बाजारासाठी. दिग्दर्शकाचा नव्हे."

"असं कुठं लिहिलंय?"

आता पेपर खाली आला. "कुठं पाहिलास?"

"मोबाईलवर."

ते हसले, फार मायेनं. "पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलांचं असं होतं, संगीता. माहिती मिळते. रसिकता यायला आणखी एक पिढी जावी लागते."

मी वर आले. भांडी घासली, आपटून आपटून. माझा बाप घाटातल्या वळणावर समोरच्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ती भरलेली की रिकामी हे सांगायचा, आणि मला सिनेमाचा शेवट कळायला आणखी एक पिढी लागणार. नंतर मी शोधशोध शोधलं. चिकटवलेल्या शेवटाचं एक अक्षर कुठं मिळालं नाही. त्या शेवटात जो हात होता तो पहिल्यापासूनचाच होता, तोच मोजा, तोच उजेड. हे ओळखायला मला सरांनीच शिकवलं होतं.

मार्चात पुन्हा वैजापूरचा फोन. स्पीकरवर मंगलमावशी, "अक्का, औंदा दोन शाळांचं काम आलंय. मला एकटीला होत नाय. येतीस का नाय ते एकदाचं सांग." सर म्हणाले, "जा की." आणि त्या आठवड्यात तीनदा खुर्ची गरम लागली.

एका सकाळी काकू गच्चीवर मिरच्या पसरत होत्या. खाली सर आंघोळीला गेलेले. काकू एकदम म्हणाल्या, "त्या सिनेमातल्या बाईचं पुढं काय होतं गं? मी चहाला जाते तवर लाइटच लागतो."

त्यांना वाटत होतं, पुढचं आपल्यालाच तेवढं दिसत नाही, चहामुळं. इतकी वर्षं त्या हेच समजत होत्या.

मी मोबाईल दिला. शेवटच्या भागात कुणी बोलत नाही, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. काकूंनी पदरानं हात पुसले, मोबाईल लांब धरला आणि उभ्यानंच बघितलं. बाई खुर्चीत बसली तसा त्यांच्या घशातून बारीक आवाज आला.

"तीच बसत होती व्हय."

"व्हय काकू."

त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला लागला, मी पाणी आणलं. "अगं, ती निदान बसत तरी होती," त्या म्हणाल्या. "मी तर त्या खुर्चीवर एकदा पण टेकले नाय. उगं संशय नको म्हणून. इतकी वर्षं मी माझ्याच दारात उभी हाय."

मोबाईल परत देताना स्क्रीनवर मिरचीचा हात लागला होता, तो त्यांनी पुन्हा पदरानं पुसला. मग पुन्हा मिरच्या पसरायला लागल्या.

एप्रिलात मंडळात पुन्हा तोच सिनेमा होता. सगळे जमले. चादरी लागल्या. सर त्या दिवशी फारच रंगात होते, मानेवर बोलले, सावलीवर बोलले, उबेचं वाक्य आलं. जिना आला, दिवा आला, रिमोट निघाला, भिंत कोरी झाली.

"सिनेमा इथं संपतो," सर म्हणाले.

"वा," बँक मॅनेजर म्हणाले.

काकू ट्रे घेऊन आल्या. ट्रे टीपॉयवर ठेवला. पण नेहमीसारखे कप फिरवले नाहीत. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसल्या. पदर सारखा केला.

"पुढचं पण दाखवा की," त्या म्हणाल्या.

सर हसले, मंडळाकडं बघून. "कुसुम, पुढं काही नाही."

"हाय. ती बाईच बसत होती खुर्चीवर. दुसरं कुणी नव्हतं. मग ती जाते. चांगला हाय शेवट, ह्यांना पण दाखवा."

मला वाटलं, आता सर दिग्दर्शक, निर्माता, बाजार यावर बोलतील. इतक्या लोकांपुढं दुसरं काय बोलणार. त्यांना त्यांचं भांडं फुटल्याची लाज वाटेल असंही वाटलं. पण सर काकूंपाशी आले, थोडे वाकले, आणि त्या मऊ, चवीच्या आवाजात म्हणाले,

"तुला कुणी दाखवला? कुठं? केव्हा? मी कुठं होतो?"

सिनेमा त्यांच्या डोक्यातच नव्हता. त्यांना पुरुष हवा होता.

"मी दाखवला," मी म्हटलं. "गच्चीवर. तुम्ही आंघोळीला गेला होता."

सरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "आणखी कोण होतं गच्चीवर?"

"मिरच्या होत्या," काकू म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मी त्या माणसांकडं बघत होते. बँक मॅनेजर, डॉक्टर, वकील. एका काळ्या-पांढऱ्या बाईची मान आखडली की ह्यांना दिसायची. समोर, हातभर अंतरावर, जिवंत बाई बसली होती आणि सगळे कपात बघत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वहिनी, चहा मात्र झकास झालाय." सर परवडले, असं मला त्या क्षणी वाटलं. ते निदान बघत तरी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू एक पिशवी घेऊन व्हरांड्यात आल्या. सर खुर्चीत होते. मी कामावर निघाले होते, चप्पल घालत होते.

"येते," काकू म्हणाल्या. "मंगलकडं."

"जा की," सर म्हणाले. सवयीनं. मग थांबून, "पण आत्ताच का—"

"तुम्ही जा म्हणालात ना. मग जाते."

इतक्या वर्षांत त्यांनी ते 'जा की' एवढंच पहिल्यांदा घेतलं, पुढचं घेतलं नाही. फाटकापर्यंत त्या भरभर गेल्या, सुजलेल्या पायांनी. मी बसस्टँडपर्यंत सोबत गेले. वैजापूरची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. बसल्या बसल्या त्यांनी पाय समोर लांब केले आणि म्हणाल्या, "हाफिसाला उशीर होईल तुला. जा." गाडी हलेपर्यंत त्यांचा फोन दोनदा वाजला. त्यांनी तो पिशवीत, कपड्यांच्या खाली सरकवला.

मला आठवड्यात खोली सोडायला सांगितलं गेलं. "तुझ्यासारख्या मुलीला घरात घेताना मी जरा उदार झालो," असं सर म्हणाले. मी सामान हलवलं, कूलर तेवढा गच्चीवर राहिला.

तो न्यायला मे महिन्यात गेले. टेम्पोवाला बाहेर थांबला. तिसरा प्रहर, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. सर व्हरांड्यात. शर्ट पांढराच, पण चुरगळलेला. खिशाला रिमोट. ते त्या रिकाम्या खुर्चीपाशी वाकून उभे होते आणि उलटा हात तिच्या बैठकीवर होता. ऊन सरळ त्या खुर्चीवर पडत होतं.

मी खाकरले. ते वळले नाहीत.

"ती येऊन गेली," म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "मी दुकानापर्यंत गेलो होतो, तेवढ्यात. खुर्ची गरम आहे."

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी सैल झालं. म्हातारा माणूस, रिकामं घर, आणि हाताखाली बायको नाही तर तिची ऊब. 'ऊन आहे सर, आत बसा,' असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"एकटीच होती का गं?" सरांनी विचारलं.

मी तोंड मिटलं. वर गेले, कूलरची वायर गुंडाळली. टेम्पोवाल्याला हाक मारली, दोघांनी मिळून तो जिन्यावरून उतरवला. खाली आलो तर सरांनी ती खुर्ची भिंतीच्या सावलीत ओढून घेतली होती आणि तिच्यावर हात ठेवून ते उभे होते. ती गार व्हायला किती वेळ लागतो ते बघत होते. म्हणजे ती किती वेळापूर्वी उठून गेली ते कळेल. चेहरा तोच, रविवारचा.

कूलर चढवून टेम्पोवाला घाम पुसत मागं बघत राहिला.

"काय करायलेत बाबा?" त्यानं विचारलं.

"सिनेमा बघायलेत," मी म्हटलं. "चल."